थँक्सगिव्हिंगचे भोजन : मूळ संहिता आणि प्रक्षेप

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी घरोघरी जे भोजन होते, त्याविषयी तेथे दर वर्षी एकच वाद नव्याने उपस्थित होतो. भाजलेली अखंड टर्की, पावाचे सारण, क्रॅनबेरीचा सॉस, कुसकरलेले बटाटे, रताळी आणि शेवटी लाल भोपळ्याचा ‘पाय’ (म्हणजे मैद्याच्या पारीत गोड सारण घालून भट्टीत भाजलेला पदार्थ) हे ताट जसेच्या तसे राखावे, की मोडून दुसरे मांडावे? वाद वरवर पाहता स्वयंपाकघरातला आहे, आणि विद्यापीठीय संशोधनपत्रिकेत त्याला जागा का द्यावी, असे एखाद्यास वाटण्याचा संभव आहे. परंतु दोन्ही पक्ष जी प्रमाणे पुढे करतात ती तपासू लागले म्हणजे असे दिसते की, प्रश्न चवीचा थोडा व संहितेचा फार आहे. मूळ कोणते, प्रक्षिप्त कोणते, मूळ नसेल ते त्याज्य मानावे काय, आणि रूढीचे मूल्य तिच्या प्राचीनतेवर ठरते की तिच्या आजच्या अर्थावर, हे प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाला परके नाहीत. प्रस्तुत लेखात या ताटाकडे त्याच दृष्टीने पाहण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम इतिहासाचे प्रमाण पाहू. ‘बदला’ म्हणणारा पक्ष असे सांगतो की, १६२१ साली प्लिमथ येथे इंग्रज वसाहतवाल्यांनी जे भोजन केले त्यात आजच्या ताटातले जवळजवळ काहीच नव्हते. ‘राखा’ म्हणणारा पक्ष त्याच १६२१ कडे बोट दाखवून ताटाचे पावित्र्य प्रतिपादितो. दोघांचाही प्रत्यक्ष आधार एकच आहे. तो म्हणजे एडवर्ड विन्स्लो या वसाहतवाल्याने ११ डिसेंबर १६२१ रोजी लिहिलेले व पुढील वर्षी लंडनमध्ये छापले गेलेले पत्र. त्यातील प्रस्तुत मजकूर अवघ्या काही वाक्यांचा आहे. पीक घरात आल्यावर गव्हर्नरने चार माणसे पक्ष्यांच्या शिकारीस धाडली. त्यांनी एका दिवसात मारलेले पक्षी मंडळींना जवळजवळ आठवडाभर पुरले. वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद पुरुषांसह आला. तीन दिवस मेजवानी चालली. आणि पाहुण्यांनी पाच हरणे मारून आणून दिली. एवढेच. पक्षी कोणते, हे विन्स्लो सांगत नाही. टर्कीचे नाव नाही, भोपळ्याचे नाही, क्रॅनबेरीचे नाही. ज्या एका पदार्थाविषयी संशयाला जागा नाही तो हरणाचे मांस, आणि नेमका तोच आजच्या ताटात नाही.

गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासात टर्की भेटते खरी, पण त्या भोजनाच्या संदर्भात नव्हे. त्या शरद ऋतूत मिळणाऱ्या अन्नाच्या सामान्य वर्णनात ती येते. शिवाय ब्रॅडफर्डची हस्तलिखित पोथी दीर्घकाळ गहाळ होती. ती लंडनच्या बिशपच्या ग्रंथसंग्रहात सापडून १८५६ साली छापली गेली. म्हणजे टर्कीचा हा पुरावा हाती येण्यापूर्वीच टर्की ताटात स्थिरावली होती. पुरावा मागाहून आला आणि रूढीला जोडला गेला. ‘पहिले थँक्सगिव्हिंग’ हे नावही तसेच उत्तरकालीन आहे. अलेक्झांडर यंग या धर्मोपदेशकाने १८४१ मध्ये विन्स्लोचे पत्र पुन्हा छापताना एका तळटीपेत हे नाव १६२१ च्या मेजवानीला दिले, आणि तेथून ते पाठ्यपुस्तकांत, चित्रांत व शाळकरी मुलांच्या नाटुकल्यांत शिरले. तळटीपेचे सामर्थ्य किती असते याचे याहून बोलके उदाहरण संशोधकाला क्वचितच सापडेल.

खुद्द त्या वसाहतवाल्यांच्या भाषेत ‘थँक्सगिव्हिंग’ म्हणजे मेजवानी नव्हे. एखादी ईश्वरी कृपा झाली असे वाटल्यास सार्वजनिक प्रार्थनेसाठी जाहीर केलेला तो दिवस. प्लिमथला असा दिवस १६२३ मध्ये, अवर्षणानंतर पाऊस पडला तेव्हा पाळला गेला. १६२१ चा प्रसंग हा साधा सुगीचा उत्सव होता. आणि ज्यांच्यातले निम्मे लोक पहिल्या हिवाळ्यात मरण पावले होते अशा माणसांनी तो केला होता. बटाटा त्या किनाऱ्यावर अद्याप पोचला नव्हता. गव्हाचे पीठ आणि लोणी यांची वानवा असल्यामुळे ‘पाय’ची पारी लाटण्याचा प्रश्नच नव्हता.

मग हे ताट आले कोठून? त्याचे उत्तर शिकारीत किंवा शेतीत शोधण्याऐवजी छापील कागदात शोधावे लागते, आणि म्हणूनच हा विषय वाङ्मयाभ्यासकाचा ठरतो. अमेलिया सिमन्स हिचे १७९६ मधले पाकशास्त्राचे पुस्तक हे अमेरिकन लेखकाने लिहिलेले पहिले पाकशास्त्र मानले जाते. त्यात सारण भरलेली टर्की क्रॅनबेरीच्या सॉसबरोबर वाढण्याची सूचना आहे, आणि भोपळ्याच्या गोड पदार्थाची कृतीही आहे. परंतु हे पदार्थ एका दिवसाला, एका घराला आणि एका भावनेला बांधण्याचे कार्य कादंबरीने केले. न्यू हॅम्पशायरची सारा जोसेफा हेल ही पाच मुलांची विधवा आई. तिची ‘नॉर्थवुड’ ही कादंबरी १८२७ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील एक प्रकरण थँक्सगिव्हिंगच्या भोजनाच्या वर्णनास वाहिले आहे. दक्षिणेतून परतलेला मुलगा, शेतकरी घर, लांब मेज, आणि हे सर्व ज्याला समजावून सांगायचे असा एक इंग्रज पाहुणा. या पाहुण्याची योजना महत्त्वाची आहे. ज्याला रूढी ठाऊक आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. पाहुणा आणून बसविताच रूढी स्वतःचे वर्णन करू लागते, आणि वर्णन होताच ती आदर्श बनते. मेजाच्या अग्रभागी टर्की मांडली जाते. तिच्यामागे गोमांस, डुकराचे व मेंढीचे मांस, हंस, बदके, लोणची, मुरंबे, भोपळ्याचा ‘पाय’ अशी सेना उभी राहते.

या वर्णनात आणखी एक पदार्थ आहे. तो म्हणजे कोंबडीच्या मांसाचा ‘पाय’. लेखिकेच्या मते खऱ्या यांकी थँक्सगिव्हिंगला तो अपरिहार्य आहे. आज तो बहुतेक मेजांवरून नाहीसा झाला आहे, आणि त्याच्यासाठी कोणी शोक केल्याचे दिसत नाही. एकेकाळी अपरिहार्य मानलेला घटक असा निमूटपणे गळून जावा आणि तरीही ताट ‘पारंपरिक’च राहावे, ही गोष्ट रूढीचे रक्षण करू पाहणाऱ्यांनी विचारात घेतलेली नाही. बदल होऊ नये असे म्हणणारा मनुष्य बहुधा आपल्या आजीच्या काळात झालेल्या बदलाचे रक्षण करीत असतो.

पुढे हेलबाई ‘गोडीज लेडीज बुक’ या स्त्रियांच्या मासिकाच्या संपादिका झाल्या. १८३७ पासून १८७७ पर्यंत ते काम त्यांनी केले. आणि संस्थानोसंस्थानीच्या गव्हर्नरांना व राष्ट्राध्यक्षांना पत्रे लिहून हा दिवस सर्व राष्ट्राने एकाच वेळी पाळावा, असा ध्यास त्यांनी घेतला. मासिकात एका बाजूस हा आग्रह आणि दुसऱ्या बाजूस पाककृती. दक्षिणेकडील काहींना यात उत्तरेचा, म्हणजे गुलामगिरीविरोधी न्यू इंग्लंडचा वास आला. व्हर्जिनियाचा गव्हर्नर हेन्री वाइज याने १८५६ मध्ये हेलबाईंना उत्तर देताना या राष्ट्रीय थँक्सगिव्हिंगची पोकळ नाटकीपणा म्हणून संभावना केली. विरोधकाची ही साक्ष मोलाची आहे. ज्याला आज निरुपद्रवी कौटुंबिक जेवण समजतात त्याचा राजकीय आशय समकालीनांना स्पष्ट दिसत होता. लिंकनने ३ ऑक्टोबर १८६३ रोजी, यादवी युद्ध चालू असताना, नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार घोषित केला. १९४१ च्या कायद्याने तो चौथा गुरुवार झाला. लिंकनच्या घोषणेत टर्की नाही आणि प्लिमथही नाही.

आता ‘बदला’ म्हणणाऱ्यांचे ऐतिहासिक प्रमाण कितपत टिकते ते पाहू. त्यांचा युक्तिवाद असा की, ताट प्रक्षिप्त आहे, म्हणून ते त्याज्य आहे. यातील पहिला भाग खरा, पण दुसरा पहिल्यातून निघत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तिच्यात व्यासांनी सांगितले व गणपतीने लिहून घेतले, ही कथा मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात घातली आहे. संहिताशास्त्राच्या दृष्टीने तो निर्णय योग्यच आहे. पण त्यामुळे ती कथा महाराष्ट्रातील कोणत्याही घरातून हद्दपार झाली नाही, आणि व्हावी असे कोणा संपादकाने सुचविलेही नाही. प्रक्षेप म्हणजे असत्य नव्हे. त्या त्या काळाने संहितेला दिलेला तो प्रतिसाद असतो. थँक्सगिव्हिंगचे ताट १६२१ चे नाही. ते एकोणिसाव्या शतकातील न्यू इंग्लंडच्या मध्यमवर्गीय स्त्रियांचे आहे, आणि तसे म्हणण्यात त्याचा अपमान नाही. अपमान आहे तो त्या स्त्रियांचे कर्तृत्व त्यांच्याकडून काढून घेऊन बकलाच्या टोपीतल्या काल्पनिक पुरुषांना देण्यात.

तथापि सर्व प्रक्षेप सारख्या योग्यतेचे नसतात. विसाव्या शतकात या ताटात जे शिरले त्याचे कर्तृत्व घराकडून कारखान्याकडे गेलेले दिसते. रताळ्यांवर मार्शमॅलो वितळवण्याची चाल १९१७ मध्ये एका मार्शमॅलो उत्पादकाने काढविलेल्या पाककृतींच्या पुस्तिकेतून पसरली. क्रॅनबेरीचा डब्यातला घट्ट सॉस १९४० नंतर देशभर मिळू लागला. तो मेजावर ठेवला तरी त्याच्या अंगावर डब्याची वलये तशीच दिसतात. हिरव्या शेंगांचे ‘कॅसरोल’ कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली या बाईंनी १९५५ मध्ये बसविले: शेंगा, मश्रूमच्या सूपचा एक डबा, वर तळलेला कांदा. उद्देश सूप खपविण्याचा होता व तो सफळ झाला. मार्शमॅलोविषयी प्रस्तुत लेखकाला सहानुभूती वाटत नाही. जे कंद मुळातच गोड आहे त्यावर साखरेचा फेस पसरणे हा अलंकारावर अलंकार चढविण्याचा दोष आहे. परंतु शेंगांच्या कॅसरोलचे तसे नाही. आज साठीत असलेली जी स्त्री ते करते तिच्या दृष्टीने ती आईची कृती आहे, कंपनीची नव्हे. १९९१ मध्ये मेलनी वॉलेनडॉर्फ व एरिक आर्नूल्ड या अभ्यासकांनी थँक्सगिव्हिंगच्या उपभोगविधींवर एक निबंध प्रसिद्ध केला. विकत आणलेल्या वस्तूला घरचे रूप देऊन तिची बाजारी ओळख कशी पुसली जाते, याची चर्चा त्यांनी केली आहे. बाजाराची वस्तू घरची करून घेण्याची ही क्रिया मोठी विलक्षण आहे. तिला कोणी आत्मवंचना म्हणेल. परंतु परक्या कथेचे आपल्या भाषेत आख्यान होते तेव्हा याहून वेगळे काय घडते?

‘बदला’ पक्षाचे दुसरे प्रमाण रुचीचे आहे, आणि ते अधिक बळकट आहे. टर्की अखंड भाजणे ही गोष्ट पाकशास्त्रदृष्ट्या जवळजवळ विरोधाभास आहे. छातीचे मांस सत्तर अंश सेल्सियसच्या आसपास कोरडे पडू लागते. तंगडीतील चिवट तंतू विरघळण्यास याहून जास्त उष्णता व वेळ लागतो. एकाच पक्ष्यात हे दोन्ही असल्यामुळे एक भाग सिद्ध होईतो दुसरा बिघडतो. आधुनिक संकरित टर्कीची छाती इतकी वाढविली आहे की तिला नैसर्गिक समागमही शक्य होत नाही. पैदास कृत्रिम रेतनाने करावी लागते. अशा पक्ष्याला कोरडेपणापासून वाचविण्यासाठीच ग्रेव्ही आणि क्रॅनबेरी यांची योजना आहे, असे कोणी म्हटल्यास ते अन्यायाचे होणार नाही.

या प्रमाणाचा विनोदी पण मार्मिक उपयोग कॅल्विन ट्रिलिन या लेखकाने केला. त्याच्या ‘थर्ड हेल्पिंग्ज’ या १९८३ मधील पुस्तकात टर्की काढून टाकून तिच्या जागी ‘स्पगेटी कार्बोनारा’ हा इटालियन पदार्थ राष्ट्रीय करावा, अशी मोहीम आहे. त्यासाठी तो एक इतिहासही रचतो: कोलंबस हा इटालियन, त्याच्याकडून तद्देशीयांनी हा पदार्थ शिकून घेतला आणि तोच त्यांनी प्लिमथच्या मेजवानीला आणला. वाचक हसतो, आणि हसता हसता त्याच्या लक्षात येते की, शाळेत शिकलेल्या कथेचा पाया याहून फारसा भक्कम नव्हता. विडंबन म्हणून हा लेख उत्कृष्ट आहे. सूचना म्हणून मात्र तो फसतो, आणि तो का फसतो हे पाहण्यासारखे आहे. स्पगेटी एका माणसापुरती करता येते. पाच मिनिटांत वाढली नाही तर निवते. तिला वाट पाहणे जमत नाही. सहासात किलोच्या टर्कीला पहाटे उठून भट्टीत घालावे लागते, दिवसभर तिच्या वासाने घर भरते, ती एकट्याला खाता येत नाही, आणि ती कापण्याचा मान कोणाला द्यावा यावरून घरातील वडीलधारेपणाचा निर्णय होतो. तिचे गुण चवीत नाहीत. आकारात आणि कालावधीत आहेत. महाकाव्यातील पुष्कळ सर्ग स्वतंत्रपणे वाचले तर रूक्ष वाटतात. त्यांचे कार्य विस्तार धारण करण्याचे असते. म्हणून रुचीच्या निकषावर टर्की हरली तरी रूपबंधाच्या निकषावर ती जिंकते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

या मताला एक अडचण आहे व ती लपविणे योग्य होणार नाही. जी कुटुंबे मांस खात नाहीत त्यांनी काय करावे? अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांपैकी अनेकांपुढे हा प्रश्न येतो, आणि तेथे बाकीचे ताट मांडून मध्यभागच रिकामा ठेवला जातो, किंवा तेथे घरचे एखादे पक्वान्न येते. सोयाबीनपासून टर्कीची नक्कल करून विकण्याचा उद्योग १९९५ पासून चालू आहे. पण नक्कल ही मूळाची श्रेष्ठता मान्य करूनच जन्मास येते, त्यामुळे ती पर्याय ठरत नाही. मोठ्या पातेल्यातली बिर्याणी किंवा परातभर पुरणपोळ्या मध्यभागी आल्या, तर वर सांगितलेले गुण, म्हणजे दीर्घ खटपट, वाटून खाणे, एकट्याला अशक्य असणे, पुष्कळसे टिकतात. अशा ताटाला मी प्रक्षेप म्हणेन, विडंबन म्हणणार नाही.

मध्यवर्ती पक्ष्याचे प्रतिमेत रूपांतर झाले ते नॉर्मन रॉकवेलच्या चित्राने. रूझवेल्टने १९४१ च्या भाषणात उल्लेखिलेल्या चार स्वातंत्र्यांपैकी ‘अभावापासून मुक्ती’ हे चित्र ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’च्या ६ मार्च १९४३ च्या अंकात आले. आजी टर्कीचे तबक ठेवते आहे, आजोबा मागे उभे आहेत. हे चित्र विपुलतेचे म्हणून प्रसिद्ध आहे; पण नीट पाहिले तर मेजावर टर्कीखेरीज फारसे काही नाही. पांढरे कापड, पांढरी ताटे, पाण्याचे पेले. विस्मृत झाली ती गोष्ट अशी की, या चित्राबरोबर छापलेला निबंध कार्लोस बुलोसान या फिलिपिनो स्थलांतरिताने लिहिला होता, आणि त्याचा रोख ज्यांच्या श्रमातून हे अन्न पिकते त्या मजुरांना ते मिळत नाही याकडे होता. चित्र भिंतीभिंतींवर गेले, निबंध अंकातच राहिला. या भोजनाची टीका त्याच्या स्तुतीच्या शेजारीच छापली गेली होती.

तिसरे प्रमाण नीतीचे. तेच खरे गंभीर आहे, आणि त्याच्यापुढे चवीचा वाद क्षुल्लक वाटू लागतो. प्लिमथ ज्या जागी वसले तेथे पटक्सेट नावाचे गाव होते. १६१६ ते १६१९ च्या साथीत ते निर्मनुष्य झाले. ज्याने इंग्रजांना मका लावण्यास शिकविले तो टिस्क्वांटम याच गावचा. मॅसासॉइटशी झालेला सलोखा त्याच्या मुलाच्या पिढीत संपला. १६७६ मध्ये मेटाकोम युद्धात मारला गेला, त्याचे मस्तक प्लिमथला खांबावर लावले गेले, आणि त्या जयानिमित्त ईश्वराचे आभार मानण्याचे दिवस पाळले गेले. १६३७ मध्ये पेक्वॉट लोकांच्या संहारानंतरही मॅसॅच्युसेट्समध्ये असा दिवस पाळला होता. तेव्हा ‘थँक्सगिव्हिंग’ या शब्दाच्या पोटात सुगी आहे तसे हेही आहे. १९७० मध्ये ‘मेफ्लॉवर’च्या आगमनाला ३५० वर्षे झाल्याच्या सोहळ्यात वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग वक्त्याला मेजवानीत भाषण करण्यास बोलाविले होते. भाषणाचा मसुदा पाहिल्यावर संयोजकांनी ते करू दिले नाही. त्या वर्षीच्या थँक्सगिव्हिंगला प्लिमथच्या टेकडीवर, मॅसासॉइटच्या पुतळ्याजवळ, राष्ट्रीय शोकदिन पाळण्यात आला. तो आजही पाळला जातो.

यावरून काही जण असा निष्कर्ष काढतात की, हे ताटच टाकून द्यावे. त्यांच्या हेतूविषयी आदर बाळगूनही हा निष्कर्ष उलट दिशेने जातो असे म्हणावे लागते. त्या ताटातील पदार्थांची जन्मभूमी पाहावी. टर्की, मका, भोपळा, क्रॅनबेरी, घेवड्याच्या शेंगा, रताळी, बटाटा हे सर्व अमेरिका खंडातील मूळच्या लोकांनी जोपासलेले, माणसाळविलेले किंवा वापरात आणलेले आहे. भोपळावर्गीय फळाचा ‘स्क्वॉश’ हा इंग्रजी शब्दसुद्धा नॅरगॅन्सेट भाषेतून आला. कथेत ज्यांना पाहुणे केले तेच ताटात यजमान आहेत. सणाची कथा खोटी आहे, पण सणाचे अन्न खोटे बोलत नाही. लज्जेपोटी हे अन्न काढून तेथे इटालियन शेवया मांडल्या, तर त्या लोकांच्या अस्तित्वाची जी एक साक्ष प्रत्येक घरात उरली आहे तीही पुसली जाईल. शॉन शर्मन हा ओग्लाला लकोटा पाकतज्ज्ञ. मिनिआपोलिस येथे त्याने २०२१ मध्ये सुरू केलेल्या भोजनगृहात गव्हाचे पीठ, दूध व उसाची साखर वर्ज्य करण्यात आली. ‘टाइम’मधील आपल्या २०१८ च्या लेखात त्याने सण मोडण्याची मागणी केली नाही, कथा टाकावी आणि या भूमीचे अन्न पुढे आणावे, असा त्याच्या प्रतिपादनाचा रोख आहे. म्हणजे त्याला ताटातून काही काढायचे असेल तर ते लोणी-साखरेचे युरोपीय पुट.

अन्नाची जन्मभूमी विसरण्यात अमेरिकन एकटे नाहीत. आपल्या एकादशीच्या फराळात जे चालते त्यातले बटाटा, रताळे, शेंगदाणे, मिरची, आणि ज्याच्या कंदापासून आजचा साबुदाणा होतो तो टॅपिओका, हे सर्व कोलंबसानंतर अमेरिकेतून आलेले आहे. धर्मशास्त्राच्या प्राचीन ग्रंथकारांना यांतले काहीच ठाऊक असण्याचा संभव नव्हता. आणि तरी साबुदाण्याची खिचडी उपवासाला ‘परंपरेने’ चालते. खुद्द टर्की पक्षीही प्लिमथच्या मेजवानीपूर्वी आपल्याकडे येऊन गेला होता. १६१२ मध्ये मुकर्रबखानाने गोव्याहून जहांगिराच्या दरबारी जे नवलाईचे प्राणी आणले त्यांत तो होता. बादशहाने आत्मचरित्रात त्याच्या रंग बदलणाऱ्या मानेचे वर्णन केले आणि मन्सूरने त्याचे चित्र काढले. फ्रेंच लोक त्या पक्ष्याला हिंदुस्थानचा म्हणतात, इंग्रज तुर्कस्तानचा, आणि तुर्क पुन्हा हिंदुस्थानचा. मेक्सिकोचा म्हणत नाही कोणीच.

तेव्हा राखावे काय आणि बदलावे काय, याचा निर्णय पदार्थागणिक करावा लागेल. ताटाचा मध्य अखंड व सामाईक असावा. कडेचे पदार्थ प्रत्येक घराने हवे तसे बदलावेत. ते तसे बदलत आलेच आहेत. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या मेजावर भोपळ्याऐवजी रताळ्याचा ‘पाय’ असतो, आणि त्याला पाठभेद म्हणावे इतकी त्याची परंपरा स्वतंत्र व समृद्ध आहे. १६२१ ची कथा मात्र राखण्याजोगी नाही. येथवर सर्व सोपे आहे. पण एक गोष्ट या वादात दोन्ही पक्षांच्या नजरेतून सुटली आहे, आणि ती पदार्थांच्या यादीत सापडणारी नाही.

न्यू इंग्लंडच्या प्यूरिटन लोकांत आभाराचा दिवस एकटा नव्हता. त्याला जोडीदार होता तो उपवासाचा व आत्मनिंदेचा दिवस. संकट आले की उपवास जाहीर होई, कृपा झाली की आभार. आणि पुढे वार्षिक क्रमात वसंतात उपवास व शरदात आभार असे जोडपे स्थिर झाले. एकाच वाक्याची ही दोन चरणे होती. कालांतराने पहिला चरण गळाला. मॅसॅच्युसेट्सने उपवासाचा दिवस १८९४ मध्ये रद्द केला. न्यू हॅम्पशायरमध्ये, हेलबाईंच्याच संस्थानात, तो नावापुरता १९९१ पर्यंत उरला होता. ज्या समाजात उपवासाविना नुसते पारणे उरले त्याला ताटात काय असावे यावर भांडण्यावाचून दुसरे काही उरत नाही, यात नवल नाही. चातुर्मास पाळणाऱ्या घरात वाढलेल्या वाचकाला हे अधिक सांगण्याची गरज नाही.

आणि येथे प्लिमथच्या टेकडीवरील शोकदिनाकडे पुन्हा वळावे लागते. त्या दिवशी जमणारे पुष्कळ लोक आदल्या सूर्यास्तापासून उपाशी असतात. प्यूरिटनांनी सोडून दिलेला उपवास, त्यांनी ज्यांना जिंकले त्यांच्या वंशजांनी, त्याच गावात, त्याच तिथीला पुन्हा धरला आहे. त्यांनी तो प्यूरिटनांकडून घेतला असे म्हणण्यास आधार नाही, आणि तसे म्हणणे उद्धटपणाचे होईल. पण संहितेचा गळालेला चरण अनपेक्षित हस्तलिखितात सापडावा तसे हे आहे. भाषणे व मिरवणूक संपल्यावर दुपारी ते उपवास सोडतात, आणि ज्याने जे आणले असेल ते एकत्र मांडून जेवतात.